मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझंच कुणाला ऐकू येत नाही

ताई,
आईच्या आजारपणामुळे मी शहरातली खोली सोडून गावाकडच्या घरी राहायला आले आणि आता इथूनच नोकरीचं काम करते. काम हिशेब तपासण्याचं आहे. बिलांची कागदपत्रं स्कॅन करायची, सामायिक तक्त्यात नोंदी करायच्या, दिवसाअखेर सगळ्या फायली कंपनीच्या सर्व्हरवर चढवायच्या. शिवाय रोज सकाळी दहाला टीमची मीटिंग. घरापर्यंत तारेचं नेट आलेलं नाही, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर सगळा भार. फोनवर काड्या पूर्ण दिसतात, मला सगळ्यांचं बोलणं नीट ऐकू येतं, पण माझा आवाज मात्र तुटत जातो. संध्याकाळी फायली चढता चढत नाहीत. मध्येच कुणाचा फोन आला की नेट बंद. लाइट गेली की तासा-दोन तासांनी रेंजही जाते. भाऊ म्हणतो, मोठा पॅक घे. ओळखीतला एक जण म्हणतो, बूस्टर बसवून देतो. गेल्या आठवड्यात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या नेटचं काहीतरी बघ." तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडायचीच भीती वाटते. आईला सोडून परत शहरात जावं की नोकरी सोडावी, हेच दोन विचार रात्रंदिवस डोक्यात आहेत. मी काय करू?
— तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आई किंवा नोकरी यांतलं एक सोडायचा निर्णय सध्या बाजूला ठेव. तो आत्ता घेतलास तर न तपासलेल्या बिघाडापायी घेतलेला निर्णय ठरेल. तुझ्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. तू त्या सगळ्यांना मिळून "नेट स्लो आहे" असं एकच नाव दिलं आहेस, म्हणून उपाय सापडत नाही. त्या सुट्या करून बघू.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून गेलीस: मला ऐकू येतं, माझा आवाज तुटतो. याचा अर्थ खाली येणारा डेटा ठीक आहे आणि वर जाणारा अडतो आहे. मोबाइल नेटवर्कमध्ये या दोन दिशा सारख्या नसतात. टॉवरवरचं यंत्र २० ते ४० वॉट किंवा त्याहूनही जास्त ताकदीने बोलतं. तुझा फोन फोरजीवर साधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॉटने उत्तर देतो, त्याहून मोठा आवाज त्याला काढताच येत नाही. मोठ्या मैदानात एका टोकाला कुणी भोंग्यावरून बोलतंय आणि दुसऱ्या टोकाहून तू नुसत्या गळ्याने ओ देते आहेस, असं हे संभाषण आहे. टॉवरपासून जरा लांब, भिंतींच्या आत बसलेल्या माणसाची आधी वर जाणारी दिशाच कोलमडते. फोनवरच्या काड्या टॉवरचा आवाज तुझ्यापर्यंत कसा पोचतो तेवढंच सांगतात. तुझा आवाज तिकडे कसा पोचतो हे त्यांना माहीत नसतं, आणि त्या टॉवरवर या क्षणी किती जण लटकले आहेत हेही नाही. कुठल्या सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हेसुद्धा प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापलं ठरवते. तेव्हा काड्यांकडे बघणं आजपासून सोडून दे.

त्याऐवजी एक आकडा बघायला शीक. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" या भागात सिमची स्थिती बघायची सोय असते, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली सापडते. आयफोन असेल तर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाब, चाचणीचं पान उघडतं. हा आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीवर उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर काळजी नाही. उणे १०० च्या पलीकडे गेला की काम चालतं पण कुरकुरत, आणि उणे ११० च्या पलीकडे तुझ्यासारखा आवाज तुटायला लागतो. हे मोजमाप बेरजेचं नाही, पटीचं आहे: १० ने सुधारणा म्हणजे सिग्नलची शक्ती दहापट, ३ ने सुधारणा म्हणजे दुप्पट. म्हणूनच घरातल्या घरात चार पावलं सरकल्याने इतका फरक पडतो, आणि म्हणूनच पैसे खर्च करायच्या आधी घरभर फिरून बघावं असं मी सांगते आहे.

फिरताना सावकाश फिर. एका जागी फोन ठेव, हात काढून घे, अर्धा-एक मिनिट थांब, मग आकडा लिहून घे. हातात धरलेल्या फोनचा सिग्नल हातच खातो. माळा, जिना, गच्चीचं दार, प्रत्येक खिडकी, सगळीकडे बघ. टॉवर कुठल्या दिशेला आहे ते माहीत असेल तर त्या बाजूची खिडकी आधी. लोखंडी पत्रे आणि सळयांचं काँक्रीट सिग्नलला सगळ्यात जास्त अडवतात, साधी काच फारसं नाही. घर आणि टॉवर यांच्यामध्ये दाट झाडी असेल तर ओल्या पानांमुळे पावसाळ्यात आकडा आणखी पडतो. खुद्द पावसाच्या थेंबांचा मोबाइलच्या लहरींवर तसा परिणाम होत नाही. मात्र काही टॉवर एकमेकांशी त्याहून कितीतरी उच्च वारंवारतेच्या मायक्रोवेव्हने जोडलेले असतात आणि ती जोडणी मुसळधार पावसात ढासळते. तशा वेळी तुझ्या फोनवरचा आकडा उत्तम असूनही नेट मिळत नाही, आणि घरातला कुठलाही उपाय तिथे लागू पडत नाही.

चांगली जागा सापडली की फोन तिथे राहू दे आणि तू तुझ्या टेबलाशी बस. इथे बहुतेकांची गफलत होते. लॅपटॉप जिथे असतो तिथेच फोन ठेवायचा, असं कुणीही ठरवून दिलेलं नाही. टॉवर आणि फोन यांतलं अंतर कठीण आहे, फोन आणि लॅपटॉप यांतलं सोपं. खिडकीतल्या फोनचा हॉटस्पॉट एक-दोन भिंती ओलांडून येतो. हॉटस्पॉटला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय असतील तर भिंतींतून यायला २.४ बरा. फक्त खिडकीत ऊन येत नाही ना, ते बघ. कमकुवत सिग्नलवर फोन पूर्ण ताकदीने बोलत असतो, त्यातून चार्जिंग चालू, त्यावर ऊन. फोन तापतो आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो.

आता फोन आला की नेट जातं त्याबद्दल. तुझ्या यादीतली ही सगळ्यात सहज सुटणारी गोष्ट आहे. दोन कारणं संभवतात. एक, फोनमध्ये व्होल्टी बंद आहे, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय. ती बंद असली की कॉल घेण्यासाठी फोन जुन्या टूजी-थ्रीजी नेटवर्कवर उतरतो आणि कॉल संपेपर्यंत नेट थांबतं किंवा रखडतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू कर. दुसरं कारण, फोनमध्ये दोन सिम आहेत. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये रेडिओ एकच असतो, त्यामुळे एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. घरात एखादा जुना पण फोरजी चालणारा फोन पडून असेल तर नेटचं सिम एकटंच त्यात घाल, तो फोन खिडकीत कायमचा ठेव आणि त्याचा नंबर कुणाला देऊ नकोस. कॉलसाठीचा फोन वेगळा. एवढ्याने दिवसातली निम्मी चिडचिड कमी होईल असं मला वाटतं.

दुसऱ्या फोनचा आणखी एक मोठा उपयोग आहे आणि तुझ्या दहाच्या मीटिंगचा खरा उपाय तोच आहे. मीटिंगच्या निमंत्रणात बऱ्याचदा एक साधा टेलिफोन नंबर दिलेला असतो. आपण त्याकडे बघतही नाही. त्या नंबरवर कॉल करून मीटिंगला जोडून घे. आवाज फोनवरून, आणि पडद्यावर काय दाखवतायत ते बघण्यासाठी लॅपटॉप, त्याचा माइक आणि स्पीकर बंद करून. याने फरक का पडतो? फोरजीवरच्या साध्या कॉलला नेटवर्क स्वतःहून वेगळी, राखीव वाट देतं. टॉवरवर कितीही गर्दी असली तरी त्या आवाजाला ठरावीक जागा मिळते. मीटिंगच्या अ‍ॅपमधला आवाज मात्र इतरांच्या व्हिडिओ आणि डाउनलोडच्या रांगेतच उभा असतो. शिवाय अ‍ॅपमधला आवाज साधारणपणे हरवलेले तुकडे पुन्हा मागवत नाही, कारण मागवेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. फायलीचा हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो, म्हणून फाइल उशिरा का होईना पोचते आणि तुझं वाक्य पोचत नाही. निमंत्रणात नंबर नसेल तर तो चालू करता येईल का, हे मीटिंग ठरवणाऱ्याला विचार. अगदीच नसेल तर टीममधल्या एखाद्या मैत्रिणीला कॉल करून तिच्या फोनच्या स्पीकरवरून बोल. दिसायला ओबडधोबड आहे, पण वाक्य पूर्ण ऐकू जातं.

अ‍ॅपवरूनच बोलावं लागलं तर कॅमेरा बंद ठेव, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटच्या आत भागतं. दोघांतला बऱ्यापैकी व्हिडिओ कॉल ६०० किलोबिटच्या आसपास मागतो, आणि तेही वर जाणाऱ्या दिशेने, जिथे तुझ्याकडे मुळातच कमी आहे. व्हिडिओशिवाय पडदा दाखवायलाही फारसं लागत नाही, पान स्थिर असेल तर आवाजाइतकंच. त्यामुळे तक्ता दाखवायला घाबरू नकोस, फक्त त्या वेळी चेहरा दाखवू नकोस. इतरांचे व्हिडिओ येणं थांबवायची सोयही अनेक अ‍ॅपमध्ये असते, तीही वापर.

संध्याकाळच्या फायलींचं दुखणं निराळं आहे. टॉवरची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते, आणि संध्याकाळी सगळे एकाच वेळी फोन हातात घेतात. हे तपासायला सोपं आहे. फोन एकाच जागी ठेवून पहाटे, दुपारी आणि रात्री वेगाची चाचणी कर आणि प्रत्येक वेळी अपलोडचा, म्हणजे वर जाणाऱ्या डेटाचा, आकडा लिही, डाउनलोडचा नव्हे. सिग्नलचा आकडा तिन्ही वेळा सारखा आणि वेग मात्र संध्याकाळी कोसळलेला असेल तर गर्दीच आहे. गर्दीला अँटेना चालत नाही, बूस्टर चालत नाही, मोठा पॅकही चालत नाही. भावाला हे प्रेमाने सांग: मोठा पॅक म्हणजे जास्त डेटा, जास्त वेग नव्हे. पॅकचा संबंध एकाच बाबतीत येतो. अनेक पॅकमध्ये दिवसाचा ठरलेला डेटा संपला की कंपनी वेग मुद्दाम कमी करते. तुझा डेटा दुपारीच संपत असेल आणि संध्याकाळची रड त्यातूनच येत असेल तर पॅक बदलणं योग्य आहे. आधी ते तपास, मग पैसे घाल.

गर्दीवरचा उपाय वेळ बदलणं. पहाटे पाच ते सात या वेळात टॉवर जवळजवळ रिकामा असतो. दिवसभराच्या फायली रात्री तयार करून ठेव आणि पहाटे चढव. त्याआधी त्या हलक्या कर. ३०० डीपीआयचं (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके) रंगीत स्कॅन बिलांना क्वचितच लागतं. २०० डीपीआयवर करड्या छटांत स्कॅन केलंस तर कच्चा डेटा सातव्या हिश्श्यावर येतो आणि आकडे तरीही स्वच्छ वाचता येतात. नियमाने रंगीत प्रत बंधनकारक आहे का, तेवढं कंपनीत विचारून घे. एक हिशेब लक्षात ठेव: फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, नेटचा वेग मेगाबिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे ४० मेगाबाइटची फाइल सेकंदाला १ मेगाबिटच्या अपलोडने चढवायला पाच मिनिटांहून जास्त लागणारच. ती मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही अशी सोय कंपनीच्या सर्व्हरवर आहे का, हेही आयटी विभागाला विचार. नसेल तर एका मोठ्या फाइलऐवजी लहान लहान फायली कर, म्हणजे तुटली तरी एकच जाते.

आणि मीटिंग चालू असताना कुठलीही फाइल चढवू नकोस, अगदी लहानसुद्धा. वर जायची वाट अरुंद असली की फाइल ती भरून टाकते, फोनच्या आत रांग लागते आणि तुझा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. खाली येणारा डेटाही तेव्हा मंदावतो, कारण "मिळालं" अशी पोच त्याच वाटेने वर जावी लागते. बोलण्यात अडखळ वाटू नये म्हणून एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. रांग लागली की तो उशीर बघता बघता सेकंदावर जातो, आणि मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात.

तू स्वतः काही चढवत नसलीस तरी यंत्रं चढवत असतात. हा मुद्दा मी मुद्दाम ताणून सांगते, कारण हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला तो कुणी सांगत नाही. "वायफाय असेल तरच फोटोंची प्रत ठेव, वायफाय असेल तरच अपडेट घे" असं आपण निर्धास्त होऊन ठरवून ठेवतो. पण हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला आणि भावाच्या फोनला तुझा हॉटस्पॉट म्हणजे वायफायच वाटतो. तुझ्या मीटिंगमध्ये भावाचे फोटो वर जात असतील, लॅपटॉप स्वतःचं अपडेट उतरवत असेल, आणि तुला वाटेल नेट गेलं. विंडोजमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन, म्हणजे मोजूनमापून वापरायचं नेट, नावाचा पर्याय आहे, तो चालू कर. मॅकवर आणि आयफोनवर तसाच लो डेटा मोड आहे. अँड्रॉइडमध्येही त्या वायफायच्या नोंदीत ते मीटर्ड म्हणून ठरवता येतं. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह यांत वर पाठवायच्या वेगाला मर्यादा घालता येते. तुझ्या मोजलेल्या अपलोडच्या निम्म्यावर ठेव. घरच्यांना हॉटस्पॉटचा पासवर्ड द्यायचा की नाही हे तू ठरव, पण दहा ते अकरा त्यांनी स्वतःच्या डेटावर राहावं एवढं सांगायला संकोच करू नकोस.

सामायिक तक्ता ऑनलाइन उघडा ठेवून काम करणं शक्य तितकं टाळ. गूगलच्या तक्त्यांना ऑफलाइन चालायची सोय आहे, ती नेट चांगलं असतानाच चालू करून ठेवावी लागते. एकाच रकान्यात दोघांनी ऑफलाइन लिहिलं तर नंतर गोंधळ होतो, म्हणून तुझे रकाने किंवा तुझं पान टीममध्ये ठरवून घे. कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे तिच्या सर्व्हरशी जोडणारी सुरक्षित खासगी वाट, सारखं तुटत असेल तर मीटिंगचा आवाज-व्हिडिओ त्याच्या बाहेरून जाऊ देता येईल का, हे आयटीला विचार. अनेक ठिकाणी ते करतात.

लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी रेंज जाते, म्हणजे टॉवरची बॅटरी संपते. त्यावर तुझा काही इलाज नाही, फक्त तयारी आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यावं असं तुला वाटेल आणि ते चांगलंच आहे, पण घेण्याआधी एक बघ. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात आणि वीजही एकच असते. पुढच्या वेळी लाइट जाऊन तुझी रेंज गेली की घरात किंवा शेजारी दुसऱ्या कंपनीचा फोन असलेल्याला विचार, त्याचीही त्याच सुमारास गेली का. गेली असेल तर ते सिम अडचणीच्या वेळी उपयोगाचं नाही. लाइट गेली रे गेली की हातातली सगळ्यात गरजेची फाइल आधी पाठव, बाकी मग.

बूस्टर घेऊ नकोस. टॉवरचा सिग्नल पकडून घरात मोठा करून सोडणारी ही यंत्रं परवानगीशिवाय लावायला अनेक देशांत बंदी आहे, आणि त्यामागे कारण आहे: बेताल यंत्र तुझ्या सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा करून टॉवरकडे पाठवतं आणि आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडवतं. पैसे घालायचेच असतील तर सिम घालायची सोय असलेला राउटर आणि त्याला बाहेरची अँटेना, हा सरळ रस्ता आहे. अँटेना एकाच दिशेला ऐकते, त्यामुळे लांबच्या टॉवरचा क्षीण आवाज उचलते आणि तुझा आवाजही त्याच दिशेने एकवटून पाठवते; म्हणजे तुझी खरी अडचण, वर जाणारी दिशा, तिला थेट मदत होते. फोरजीला दोन अँटेना लागतात, एकमेकींना काटकोनात तिरक्या बसवलेल्या. बऱ्याचदा एकाच डब्यात दोन्ही असतात. अँटेनापासून राउटरपर्यंतची जाड केबल शक्य तितकी आखूड हवी, कारण लांबीबरोबर सिग्नल तिच्यातच जिरतो. लांब अंतर जायचं असेल तर राउटरच वर ठेवायचा आणि तिथून इथरनेटची तार खाली आणायची, ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. छपरावर धातूचं काही उभारशील तर विजेपासून संरक्षणाची अर्थिंग जाणकाराकडून करून घे, त्यात काटकसर नको. काही राउटरमध्ये बँड, म्हणजे वारंवारतेचा पट्टा, निवडता येतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे खालचे बँड लांब जातात आणि भिंती ओलांडतात, २३०० च्या आसपासचे वेगवान असतात पण लवकर थकतात. फोनवर फाइव्हजी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये नुसतं फोरजी ठेवून एक दिवस बघ. स्थिर फोरजी हे ये-जा करणाऱ्या फाइव्हजीपेक्षा कामाला कितीतरी बरं.

यातून काहीच जमलं नाही तर उपग्रहावरून येणारं नेट हा पर्याय असतो. घेताना उपग्रह किती उंचीवर आहे ते विचार. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे बोलणं जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, बोलायला ते अवघड. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्यांचं तसं नाही. पण तुझ्या पत्रावरून मला तिथवर जायची गरज दिसत नाही.

आता साहेबांचं. "तुझ्या नेटचं काहीतरी बघ" हे सगळ्यांसमोर म्हणायची गोष्ट नव्हती. तू मनाला लावून घेतलंस यात तुझं काही चुकलं नाही. पण त्यांच्या जागी बसून बघितलं तर त्यांना फक्त अनिश्चितता दिसते आहे: ही आज बोलू शकेल की नाही, फाइल येईल की नाही. माफी मागून ती अनिश्चितता कमी होत नाही, उलट रोज पुन्हा अधोरेखित होते. अमुक वेळी अमुक मिळेल, हे सांगितलं आणि तसं दिलं की ती संपते. संथ नेटवर चांगलं काम करणारी माणसं मला जी माहीत आहेत, त्या सगळ्यांनी हीच गोष्ट सांभाळली आहे. त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांचं नेट कसं आहे याच्याशी फारसं घेणंदेणं उरलेलं नाही. तू गावाकडे राहतेस ही कबुली द्यायची बाब नाही. आजारी आईजवळ राहून पूर्णवेळ नोकरी करणारी बाई कंपनीला जड झालेली नसते, तिच्या कामाची मांडणी फक्त बदलायची असते. आणि ती मांडणी तू सुचवावीस, त्यांनी विचारायची वाट बघू नयेस.

म्हणून साहेबांना असं काहीतरी लिही, आणि तुझ्या शब्दांत बदलून घे:

"सर, मी राहते तिथे तारेचं इंटरनेट नाही. मोबाइल नेटवर माझ्याकडे येणारा डेटा ठीक आहे, वर जाणारा कमी पडतो, म्हणून माझा आवाज तुटत होता. यापुढे मी मीटिंगला साध्या फोन कॉलने जोडली जाईन आणि कॅमेरा बंद ठेवीन. माझा त्या दिवसाचा आढावा मीटिंगच्या आधी लिहून ग्रुपवर टाकीन. दिवसभराच्या फायली संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत सर्व्हरवर असतील. तातडीची असेल ती दुपारीच चढवीन. वीज जास्त वेळ गेली तर माझं नेट बंद पडतं. रेंज जायच्या आत मी तुम्हाला एसएमएस करीन. ही पद्धत महिनाभर करून बघू आणि मग बोलू, चालेल का?"

एसएमएस मुद्दाम लिहिलं आहे. नेट चालेनासं होतं तिथेही बऱ्याचदा एसएमएस जातो, तो निराळ्या मार्गाने पाठवला जातो.

हा निरोप उद्याच्या मीटिंगच्या आधीच पाठव. घरभर फिरून मोजलेले आकडे अजून हातात नसतील तरी थांबू नकोस, पहिली दोन वाक्यं आजच खरी आहेत. फक्त सकाळी सातचं वचन देण्याआधी एका पहाटे फायली चढवून बघ, आणि मीटिंगच्या निमंत्रणात फोन नंबर आहे ना ते आज रात्रीच तपास.

तुझी,
ताई